ओल्या कातड्यातला अंगठा

पहारेकऱ्यांच्या कंपनीत ताई होल्स्टर शिवायची. ओलं कातडं पिस्तुलावर ताणायचं, हाडाच्या पट्टीनं दाबायचं. सुकलं की पिस्तुलाचा घाट कातड्यात कायमचा उठतो. चाप पूर्ण झाकलेला हवा आणि तोंड ताठ हवं, या दोन गोष्टींत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तिचा धाकटा भाऊ तिथेच पहारेकरी होता. त्याचं होल्स्टर तोंडाशी लुळं पडलं होतं. "हे बाद करा," असं ताईनं साहेबांना तीनदा सांगितलं. "चालतंय की अजून," साहेब म्हणाले. मग एका सकाळी पिस्तूल आत सरकवताना ते लुळं कातडं दुमडलं, त्यानं सेफ्टीचा खटका खाली ढकलला आणि चापही दाबला. धाकटा वाचला नाही. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'सेफ्टी लावली नव्हती. स्वतःचाच हलगर्जीपणा.' खाली झोकदार सही ठोकली आणि नामानिराळे झाले. तेव्हापासून आई चारचौघांत तोंड दाखवत नव्हती.

वर्षानं साहेब स्वतःचं नवं पिस्तूल घेऊन आले. "एक नंबर होल्स्टर कर बघू."

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडाचं कातडं जरा पातळ ठेवावं, कोण बघतंय, असंही मनात आलं. पण वाईट काम करायला हात तयार होईनात.

तिनं मॅगझीन काढलं. नळीत गोळी नाही हे पाहिलं, बोटानंही चाचपलं. खटका वर केला, म्हणजे सेफ्टी लागली. पिस्तुलावर कातडं दाबून ते कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि ती जेवायला गेली.

परत येऊन पाहिलं, तर कातड्यात खटक्याचा उठाव खाली होता. पिस्तुलाचा खटका मात्र वरच.

तिनं नवं कातडं भिजवलं. या खेपेला जागची हलली नाही. सुकलं तेव्हा उठाव पुन्हा खालीच, आणि आतल्या बाजूनं त्यावर अंगठ्याचा ठसा. मधोमध तिरपा व्रण. लहानपणी धाकट्याच्या अंगठ्यात तिचीच कातडं टोचायची आरी घुसली होती.

ताई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून शिवायला बसली.

साहेब आले.

"साहेब, तेवढा अहवाल बदला. आईसाठी तरी."

"मेलेल्याला काय फरक पडतो?"

त्यांनी सेफ्टी लावून रिकामं पिस्तूल आत घातलं, बाहेर काढलं. खटका खाली होता.

"घट्ट आहे का गं जरा?"

ठशाचं सांगायला ताईनं तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

"दर वेळी खटका बघत जा, साहेब."

"आता तू मला शिकवणार?"

धाकट्यासाठी तिनं तीनदा सांगितलं होतं. आज एकदाच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कारकून धापा टाकत आला. साहेब गेले होते. पिस्तूल आत सरकवताना गोळी सुटली.

"होल्स्टर तपास, ताई."

चाप झाकलेला. तोंड ताठ. टाका न् टाका जागेवर. आतून कातडं साफ गुळगुळीत.

"अहवाल कुणी लिहिला, काही कळत नाही," कारकून म्हणाला. "टेबलावरच होता."

ताईनं वाचला. 'सेफ्टी लावली नव्हती. स्वतःचाच हलगर्जीपणा.'

सहीच्या जागी अंगठा उठवला होता. मधोमध तिरपा व्रण. शाई अजून ओली होती.