शटर खाली ओढा!

“बिस्किटाचा चुरा टाकलास ना पिल्लांना? खरं सांग!” काकांनी दरडावून विचारलं.

“नाही हो काका! बिस्कीट मी खाल्लं आणि चुराही मीच खाल्ला!” भोंगा ओरडला. तो साधं बोलला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून तर त्याचं नाव भोंगा. आणि आज तर तो चिडलेला होता!

काका म्हणजे त्याच्या आत्याचे यजमान. घरामागे त्यांचं उबवणी केंद्र होतं. यंत्रात अंडी उबवायची, पिल्लं बाहेर आली की काही दिवस दिव्यांच्या उबेत ठेवायची आणि मग कोंबड्या पाळणाऱ्यांना विकायची. सुट्टीसाठी भोंगा आणि त्याची मोठी बहीण, ताई, इथं आले होते. आत्याची मुलगी टिकली त्यांच्यापेक्षा लहान, पण उचापतींमध्ये दोघांच्या पुढे. तिघांचे दिवस मजेत चालले होते. पण काल दुपारी वीज गेली, काकांनी नवा जनरेटर पहिल्यांदाच तासन्‌तास चालवला आणि संध्याकाळी भिंतीकडच्या कप्प्यातली पिल्लं माना टाकून पडलेली दिसली. काही तर उठलीच नाहीत.

“आजपासून तिघांनीही पिल्लांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही!” काका म्हणाले. “आणि भोंग्या, परवा सकाळच्या गाडीनं तू घरी! उद्या दुरुस्तीसाठी रात्रभर वीज बंद आहे. मला आणखी घोळ नकोत.”

झालं! ना विचारपूस, ना चौकशी. मोठी माणसं एखादी गोष्ट हरवली की आधी लहानांचे खिसे तपासतात, आणि ती त्यांच्याच खिशात सापडली की कुणाला सांगत नाहीत. भोंग्याचे डोळे भरून आले. पिल्लांना पाणी द्यायला रोज पहाटे उठणारा तोच होता.

“चोर सोडून संन्याशाला फाशी!” अंगणात आल्यावर ताई फणफणली. “चला, खरा चोर आपण शोधू.”

“मांजर असेल?” टिकली म्हणाली.

“मांजर पिल्लू पळवतं. त्याला झोपवत नाही. आणि फक्त भिंतीकडचीच कशी आजारी पडली? खिडकीकडची तर टुणटुण उड्या मारतायत. दाणा तोच, पाणीही तेच.”

“ऊब कमी पडली असेल. वीज गेली होती ना!”

“अगं, रविवारीही गेली होती की!” भोंगा गरजला. “काका गावाला गेले होते. जनरेटर कुणाला लावता येईना म्हणून आपण गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. तेव्हा एकही पिल्लू पेंगलं नाही. आणि तेव्हाही मी बिस्कीट खात होतो!”

ताई एकदम थांबली. “म्हणजे वीज जाते तेव्हा काही होत नाही. जनरेटर लागतो तेव्हा होतं!”

तिघंही गोदामाकडे धावली. गोदाम म्हणजे पिल्लांची खोली आणि मुलांची झोपायची खोली यांच्या मधली शटरची जागा. तिथं तो जनरेटर ऐटीत बसला होता, लाल रंगाचा, चकचकीत. काकांनी तो घेतला तो त्या रंगावर आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर भाळून. हा माणूस इतकं गोड बोलायचा की मुलांनी त्याचं नावच ठेवलं होतं ‘मधाचं बोट’. “ठेवायचा कुठं हो?” असं आत्यानं तेव्हा विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, “कुठंही ठेवा वहिनी! अगदी घरातसुद्धा! आवाजच नाही!” चोरी नको आणि धूळही नको, म्हणून काका जनरेटर सुरू करून लगेच शटर खाली ओढून घ्यायचे.

“वर बघा!” टिकली म्हणाली. पिल्लांच्या खोलीकडे, भिंतीकडच्या कप्प्याच्या बरोबर वर उघडणाऱ्या जाळीवरचं कोळ्याचं जाळं काळंकुट्ट झालं होतं.

“धूर!” भोंगा म्हणाला. “पण काल वास तर आला नाही फारसा.”

“सगळ्यात वाईट जो वायू असतो ना, त्याला वासच नसतो. विज्ञानाच्या बाई सांगत होत्या,” ताई म्हणाली. “माणूस नुसता पेंगतो, डोकं दुखतं, आणि मग...” तिनं समोर बोट केलं. समोरच्या भिंतीतही तशीच जाळी होती. तिच्यावरचं जाळंही काळं होतं. आणि त्या जाळीपलीकडे मुलांच्या गाद्या होत्या!

“काल आपण दुपारी आत वाचत पडलो होतो,” टिकली हळूच म्हणाली. “माझं डोकं किती दुखत होतं. भोंग्याला तर मळमळत होतं. आई म्हणाली, उन्हात हुंदडता म्हणून.”

तिघांनी काकांना गाठून सगळं सांगितलं. आणि काका चक्क हसले!

“लहान तोंडी मोठा घास! अरे, विकणाऱ्याला जास्त कळतं की तुम्हाला? तो येतोय आज चारला. मी फोनवर पिल्लांचं सांगितलं, तर म्हणाला, ऊब कमी पडतेय, मोठा जनरेटर घ्या. उद्याच्या रात्रीसाठी घेऊन टाकतो.”

“तसलाच आणखी मोठा, तोही त्याच खोलीत?” ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“मग कुठं, तुझ्या डोक्यावर ठेवू?” असं म्हणून काका निघूनही गेले.

“आपलं ऐकणार नाहीत,” ताई दात खात म्हणाली. “मग त्याच्याच तोंडून वदवू! टिकली, टेबल घे. भोंग्या, खुर्ची!”

चार वाजता मधाचं बोट हसत हसत आलं. “या ना, गोदामात गार आहे!” मुलांनी अदबीनं सांगितलं. जनरेटरला खेटून खुर्ची मांडलेली होती. आत्यानं चहा दिला. पाहुणे ऐसपैस बसले आणि मोठ्या जनरेटरची आरती ओवाळू लागले.

“काका, हा जरा सुरू करून दाखवा ना यांना,” भोंगा म्हणाला. “नेहमी करता तस्साच!”

“हो, बघाच तुम्ही,” काका म्हणाले आणि त्यांनी जनरेटर सुरू करायच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात टिकली शटरला लोंबकळली. खर्रर्र! शटर अर्ध्यावर आलं.

“अगं ए, शटर कशाला?” पाहुण्यांनी कप खाली ठेवला.

“धूळ येते ना!”

“आम्ही असंच चालवतो,” काका भाबडेपणानं म्हणाले. “टिकले, ओढ पूर्ण खाली.”

“थांबा!!” मधाचं बोट खुर्चीसकट उलथलं. चहा पँटवर सांडला. “अहो, वेड लागलंय का? बंद खोलीत चालवतात होय? आतल्या आत मरू ना सगळे!”

ताईनं शटर वर लोटलं. पेट्रोलची तोटी तिनं दुपारीच बंद करून ठेवली होती, त्यामुळे काकांनी दोरी कितीही ओढली असती तरी तो जनरेटर हूं की चूं करणार नव्हता.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!” भोंग्याचा आवाज पत्र्यावर घुमला. “तुम्हाला चालत नाही आणि पिल्लांना चालतं? ‘घरात ठेवा’ असं कोण म्हणालं होतं?”

“ते... विक्रीच्या वेळी बोलायची पद्धत असते, बाळ...”

“बाळ नका म्हणू मला! तुमच्या पद्धतीपायी पिल्लं मेली! आणि आळ आला माझ्यावर!”

आत्या वर बघत होती. आधी एका जाळीकडे, मग दुसरीकडे. “अहो,” ती काकांना म्हणाली, “ही जाळी मुलांच्या खोलीत उघडते. उद्या रात्रभर हे चाललं असतं.”

काकांनीही वर दोन्ही जाळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी विक्रेत्याला असं काही झापलं, की भोंग्याचा आवाजही त्यापुढे फिका पडला. मोठ्या जनरेटरचा सौदा तर राहिलाच. त्या माणसानं कोट काढून जुनाच मुकाट्यानं अंगणापार ढकलत नेला. घरापासून लांब, जिथून वारा धूर खिडक्यांकडे आणणार नाही, वर पत्रा आणि चारही बाजूंनी उघडा, अशी जागा ताईनं निवडली. दोन्ही जाळ्या त्याच संध्याकाळी विटांनी बुजवल्या गेल्या.

दुसऱ्या रात्री वीज गेली. अंगणाच्या टोकाला जनरेटर घुरघुरत राहिला. सकाळी काकांनी स्वतः मुलांना पिल्लांच्या खोलीत नेलं. भिंतीकडचा कप्पा चिवचिवाटानं नुसता दणाणला होता!

“रंग बघून यंत्र घेतलं आणि वय बघून तुमचं बोलणं उडवून लावलं. दोन्हीकडे चुकलो,” काका म्हणाले. “तुम्ही तिघांनी घर वाचवलं.”

आत्यानं तिघांनाही जवळ ओढलं.

“आणि माझी गाडी?” भोंग्यानं फुगलेल्या गालांनी विचारलं.

“तिकीट फाडलं!” काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढून त्याच्या हातात ठेवला. “हे घे. चुरा सांडला तरी चालेल.”

“सांडणारच नाही!” भोंगा गरजला, आणि कप्प्यातली सगळी पिल्लं एकदम दचकून सैरावैरा पळाली.