धक्क्यावरची बाई

सायमी कुओप्पाला माझ्याकडे पहिल्यांदा आली ती जानेवारीत, गाईंच्या धारा उरकून. अंगाला अजून गोठ्याचा वास होता. तिनं लोण्याचा गोळा टेबलावर ठेवला, हातमोजे काढले आणि उभ्यानंच म्हणाली, "बाई, मला स्वीडिश शिकवा. ऑगस्टपर्यंत यायला पाहिजे."

फिनलंडच्या त्या आतल्या भागात, रोइने तळ्याकाठच्या गावात, घरात स्वीडिश बोलत वाढलेली मी एकटीच. मी किनारपट्टीची. शाळेतल्या मुलांच्या गळी ती भाषा उतरवताना माझ्या नाकी नऊ येत, आणि ही तर पन्नाशीला टेकलेली गोठ्यातली बाई. 

"ऑगस्टमध्ये काय आहे?" मी विचारलं.

"रेइनो येतोय."

रेइनोची हकिगत गावात सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात, लढाईच्या शेवटच्या वर्षी सायमीचा नवरा आघाडीवर पडला. घरात खायला नव्हतं. तेव्हा इतर हजारो आयांसारखं तिनंही आपल्या सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवली आणि त्याला स्वीडनच्या गाडीत बसवलं. लढाई संपली की तो परत यायचा होता. आला नाही. तिकडच्या कुटुंबानं त्याला ठेवून घेतलं. कुणी म्हणे, सायमीला फसवलं. कुणी म्हणे, तिनं पोर दत्तक देण्याच्या कागदावर सही केली आणि गळ्यातली धोंड उतरवली. दुसरी गोष्ट गावाला जास्त आवडायची. आता रेइनो विशीचा झाला होता, आणि फिन्निशचा एक शब्दही त्याला उरला नव्हता.

"मी बसते ना दुभाषी म्हणून," मी म्हटलं. "एका दुपारचा तर प्रश्न आहे."

"नको. माझ्या पोराला मी दुसरीच्या तोंडून काय सांगू? मग पोटाशीही तुम्हीच धरा त्याला."

मी शिकवायला घेतलं. तिनं कष्टात काही कसर ठेवली नाही. धारा काढताना शब्द घोकायची. चर्चचा रखवालदार नेस्तोरी म्हणायचा, "वसंतात तिच्या गाईच स्वीडनला चालत निघतील बघा." पण जीभ वळेना. एप्रिल उजाडला तरी "नमस्कार, बसा, कॉफी घ्या" याच्या पुढे गाडी गेली नव्हती, आणि तेही मी सोडून कुणाला कळलं नसतं.

तळ्यावरचा बर्फ फुटला आणि सायमीचं येणं थांबलं. खचली असेल असं मला वाटलं. एका रविवारी चर्चबाहेरच्या कॉफीला मी तिला तसं विचारणार होते, तेवढ्यात नेस्तोरीनं त्याचा आवडता विषय काढला: कारिना राणी.

सायमी ज्या हवेलीच्या गोठ्यात काम करायची ती चारशे वर्षांपूर्वी या कारिनाची होती. साध्या शिपायाची मुलगी, बाजारात टोपली घेऊन हेझलनट विकणारी. स्वीडनच्या राजाचं तिच्यावर मन बसलं आणि त्यानं तिला राणी केलं. थोड्याच दिवसांत भावांनी त्याला गादीवरून ओढून तुरुंगात टाकलं. तिचा लहानगा मुलगा तिच्याजवळून काढून समुद्रापार पाठवला. राजा मेल्यावर तिला ही हवेली मिळाली, आणि मरेपर्यंत ती इथेच राहिली. म्हातारी माणसं तिला देवमाणूस म्हणायची. नेस्तोरीचं म्हणणं वेगळं होतं.

"चेटकीण," तो पेल्यात साखर ढवळत म्हणाला. "टोपलीतलं काहीतरी राजाला चारलं, त्याचं डोकं फिरलं. आणि पोर सोडलं कशाला, तर हवेलीसाठी. पुढं तो एकदाच भेटला तिला, मोठा बाप्या झाल्यावर. तेव्हा त्याला आईची भाषासुद्धा येत नव्हती. देवानं बरोबर माप पदरात घातलं."

बोलता बोलता त्याची नजर सायमीवर गेली, ती अनवधानानं नव्हे.

सायमीनं पेला खाली ठेवला. "पोर दिलं म्हणतोस, तू होतास का रे तिथं?"

"मी कुठला असायला? चारशे वर्षं झाली."

"मग गप बस. दिलं नव्हतं तिनं. झोपेतून उचलून नेलं. एक बूट मागं राहिला होता."

हे तिनं असं सांगितलं, जसं शेजारणीबद्दल सांगावं. नेस्तोरी हसला आणि पेला घेऊन दुसरीकडे सरकला.

घरी परतताना मी तिला गाठलं आणि मुद्दामच स्वीडिशमध्ये म्हटलं, "आज हवा छान आहे." तिनं उत्तर दिलं. एक लांबलचक, सबंध वाक्य, कुठेही न अडखळता.

मी रस्त्यात उभी राहिले. मला ते समजलं, पण समजायला क्षणभर वेळ लागला. माझ्या आजोबांकडे पूर्वापार आलेलं एक जाडजूड बायबल होतं. नाताळात ते मोठ्यानं वाचत, तेव्हा आम्ही मुलं हसायचो, कारण शब्द ओळखीचे आणि तरी परके वाटत. सायमीचे शब्द तसे होते. उच्चार मात्र आजोबांसारखेही नव्हते. जी अक्षरं आम्ही आता गिळून टाकतो, आजोबाही गिळत, ती सायमी एकेक करून उच्चारत होती.

"कुठे शिकलात हे?"

"धक्क्यावर. चटया धुताना एक बाई भेटते. तुमच्यापेक्षा बरं शिकवते, राग मानू नका."

"कोण बाई?"

"नाव नाही विचारलं. फिन्निश तोडकंमोडकं बोलते. तिचंही पोर असंच गेलं."

मी चौकशी केली. हवेलीच्या कारभारणीनं सांगितलं, इथे स्वीडिश बोलणारं कुणी नाही, पाहुणंही आलेलं नाही. कुणी पाद्र्याची विधवा असेल, कुठल्या जुन्या पंथातली, पुस्तकातली भाषा बोलणारी, असं मी स्वतःला समजावलं. पण पुस्तकातून उच्चार कसे येतील? याचा छडा लावायचाच, असं मी ठरवलं.

जूनमध्ये एका भर दुपारी मी तळ्यावर गेले. आल्डरच्या झाडांमधून एकच पायवाट उतरते आणि धक्क्यावर संपते. दोन्ही बाजूंना दाट लव्हाळी. वारा नव्हता. डांबराच्या साबणाचा वास वरपर्यंत येत होता. सायमी गुडघ्यांवर बसून चिंध्यांची चटई ब्रशनं घासत होती. मध्येच तिचा हात थांबे. ती मान डावीकडे वळवून ऐके. मग तेच वाक्य म्हणून बघे, एकदा, दोनदा, आणि चुकलं की हसे. मला तिचाच आवाज ऐकू येत होता.

मी फळ्यांवर पाऊल टाकलं.

"तिथे नको, बाई," ती न वळता म्हणाली. "ओलं आहे."

तिच्या डाव्या हाताला, कोरड्या पांढुरक्या फळ्यांवर, गुडघ्यांच्या दोन ओल्या खुणा होत्या. त्यांच्यामागे रुंद ओला पट्टा, भिजलेला जड घेर टेकला तर उमटेल तसा. सायमीचा झगा गुडघ्यापर्यंतच होता.

"आत्ताच गेली का ती?"

"तुम्ही आलात म्हणून."

"कुठल्या वाटेनं?"

सायमीनं घासणं सुरू केलं. वाट एकच होती आणि तिच्यावरून मी आले होते.

"सायमी, ही बाई कोण आहे ते कळायला हवं."

तिनं ब्रश बाजूला ठेवला आणि प्रथमच माझ्याकडे बघितलं. "मला नाही कळायला हवं. मला ऑगस्टपर्यंत शिकायचंय. कुठून येते म्हणून मी विचारलं आणि उद्यापासून ती आली नाही तर? मग तुम्ही शिकवाल?"

मी तिथेच बसून राहिले. चटई पिळताना माझ्या पायाशी उडालेलं पाणी उन्हानं बघता बघता सुकलं. त्या दोन खुणा सुकल्या नाहीत.

त्यानंतर मी धक्क्यावर गेले नाही. सायमी शिकत राहिली. पाऊस असो, डास असोत, रोज दुपारी ब्रशचा आवाज वरच्या रस्त्यावर येई. धुवायच्या चटया संपल्या तेव्हा ती शेजाऱ्यांच्या मागून नेऊ लागली. गवत कापणीच्या दिवसांत तिचे गाल आत गेले, हाताची कातडी सोलली. मी म्हटलं, थोडं थांबा. ती म्हणाली, "तिनं एवढी वर्षं काढली. मी दोन महिने काढू नको?"

ऑगस्टमध्ये रेइनो आला. ताम्पेरे शहराहून आलेल्या बसमधून उंच, गोरा, नीटनेटका तरुण उतरला. त्यानं आईशी हस्तांदोलन केलं, माझ्याशीही तसंच. घरात सायमीनं नवा मेजपोश अंथरला होता, वेलदोड्याचा पाव भाजला होता. मी टेबलाच्या टोकाला बसले, गरज पडली तर असावी म्हणून.

त्यानं कॉफीला हात लावला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "तिला एकच विचारा. तिनं सही केली होती की नाही? तिकडे मला सांगितलं की केली होती. मला तिच्या तोंडून ऐकायचंय. मग मी संध्याकाळच्या बसनं जातो."

मी फिन्निशमध्ये सांगायला तोंड उघडलं. सायमीनं हात वर केला.

ती स्वीडिशमध्ये जे बोलली ते माझ्या कानाला जसं जुनं लागलं तसंच देते.

"लेकरा, म्यां तुज टाकिलें नाहीं. ठेवावया दिधलें होतें. घ्यावया आलियें, तंव दार लाविलें होतें."

रेइनोच्या ओठांवर हसू आलं. "ही अशी काय बोलते? आमच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याही..."

तो थांबला. सायमी बोलतच होती. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. कागद आला होता, तो तिनं चुलीत घातला होता. दुसरा आला, तोही. पुढं कुणी काय केलं ते तिला कळलं नाही. आघाडीवरून नवऱ्याची टोपी आली, ती तिनं रेइनोसाठी ठेवली होती. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला ती स्टेशनावर जाई.

"वाट पाहतां पाहतां लोक म्हणों लागले, इनें पोर विकिलें. म्हणोत. मज ठाउकें आहे. आतां तुजही ठाउकें जालें."

त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

मग ती उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं त्याला सदरा उतरवायला सांगितलं. मला वाटलं, तो नकार देईल. त्यानं बटणं काढली.

"डाविये खांदियाखालीं," ती म्हणाली. "पाहों दे."

तिथे खूण होती. वाटाण्याएवढी, काळसर, कडेनं फाटल्यासारखी. मी बसल्या जागेवरून ती स्पष्ट पाहिली. सायमीनं तिच्यावर बोट ठेवलं, आणि तो दचकला. तिचं बोट फार गार होतं, असं तो नंतर मला म्हणाला.

"आहे?" त्यानं मला विचारलं. "मला कधी कुणी सांगितलंच नाही."

"आहे," मी म्हटलं.

तेव्हा तो मोठा बाप्या टेबलावर डोकं ठेवून रडला.

संध्याकाळच्या बसनं तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, टोपी घेऊन. बसच्या थांब्यावर नेस्तोरी उभा होता. रेइनोनं आईला घट्ट मिठी मारलेली त्यानं पाहिली, आणि आपल्या डोक्यावरची टोपी काढली. सायमी ताठ मानेनं त्याच्यासमोरून गेली.

घरी आल्यावर मी तिला स्वीडिशमध्ये म्हटलं, "आता तरी निवांत बसा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "काय म्हणालात, बाई?"

मी पुन्हा म्हटलं, सावकाश, जानेवारीत म्हणायचे तसं. तिला एक शब्दही कळला नाही.

"गेलं वाटतं," ती म्हणाली. तिला त्याचं फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. कपबशा विसळत तिनं विचारलं, "काय काय बोलले मी त्याच्याशी? आठवतंय, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं."

मी एकेक सांगत गेले. कागद चुलीत घातला. ती म्हणाली, हो, घातला होता. टोपी ठेवली. हो. वाढदिवसाला स्टेशनावर. हो, दरवर्षी.

"आणि मग खांद्याखालची खूण."

तिचा हात पाण्यात थांबला.

"कसली खूण?"

"डाव्या खांद्याखालची. तुम्हीच दाखवलीत. मी पाहिली, सायमी."

तिनं कप फडक्यावर पालथा घातला, हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली.

"रेइनोची पाठ स्वच्छ होती," ती म्हणाली. "सहा वर्षं मीच न्हाऊ घातलंय त्याला. खूण धक्क्यावरच्या त्या बाईच्या लेकाला होती."