त्रेचाळीस सेकंद

मासळीबाजारामागच्या कॅफेत ही माणसे दर रविवारी सकाळी दहाला जमत आणि पहिली कॉफी संपण्यापूर्वीच भांडू लागत. रियेका या बंदराच्या शहरात गायक वाल्तेर ब्रोनिचच्या चाहत्यांना कधीच तोटा नव्हता. पण त्याचा प्रत्येक कार्यक्रम तारखेनिशी सांगू शकणारी माणसे या एका टेबलाभोवती मावत.

"ओपातियाच्या कार्यक्रमात त्यानं काळा चष्मा लावला होता," लुचानोकाका म्हणाले.

"नव्हता," यद्रांकामावशींनी वहीतून मान वर केली नाही. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्या कार्यक्रमांच्या नोंदींची ही वही ठेवत. "तुला तेव्हा दिसत नव्हतं, आता ऐकूही येत नाही. आधी ते यंत्र बंद कर, शिट्टी मारतंय."

लुचानोकाकांनी कानातले यंत्र चाचपले. आनंद झाला की त्यांचे खांदे कानापर्यंत चढत आणि यंत्रातून बारीक शिट्टी निघे.

नेवेन कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो बत्तीस वर्षांचा होता, बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवी आणि विचारल्याशिवाय बोलत नसे. या टेबलावर त्याला जागा होती ती वडिलांमुळे. फ्रांकोने वाल्तेरचे एकेचाळीस कार्यक्रम कॅसेटवर उतरवले होते. प्रत्येक कॅसेटच्या आरंभी तो हलक्या आवाजात ठिकाण, तारीख, रांग आणि शेजारी कोण हे सांगे. म्हणजे पुढे फितीवर कुणी खोकले तर ते कोण, हे कळावे. नेवेन सहा वर्षांचा असताना फ्रांको गोदीतल्या अपघातात गेला. वडिलांचा आवाज म्हणून नेवेनपाशी एवढेच होते: एकेचाळीस ठिकाणे आणि एकेचाळीस तारखा.

"शुक्रवारपर्यंतच मुदत आहे, पोरा," मावशी म्हणाल्या. "झाग्रेबची रेकॉर्ड कंपनी नंतर थांबणार नाही."

वाल्तेरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा नवा संच निघणार होता. त्यात चौऱ्याऐंशीचा खलाशी सभागृहातला कार्यक्रम यावा म्हणून या मंडळींनी चार वर्षे पत्रे लिहिली होती. त्याची एकच प्रत जगात होती, फ्रांकोची. आणि तिच्यात एक भोक होते.

'कोरडी गोदी' या गाण्याचे तिसरे कडवे वाल्तेरने फक्त त्या संध्याकाळी गायले होते. नेमकी तेव्हाच कॅसेटची पहिली बाजू संपत आली. उलटताना खडखडाट उमटू नये म्हणून फ्रांकोने मायक्रोफोनची कळ बंद केली, कॅसेट उलटली आणि कळ पुन्हा चालू करायला विसरला. एकेचाळीस कार्यक्रमांत ही चूक त्याने एकदाच केली. दुसऱ्या बाजूच्या आरंभी त्रेचाळीस सेकंद नुसती फितीची सळसळ, मग कळीचा टक् आवाज, मग शेवटचे धृपद.

वाल्तेरला ते कडवे आठवत नव्हते. गाणे पूर्ण असेल तर द्या, नाहीतर तो कार्यक्रमच नको, असा त्याचा निरोप होता.

"फ्रांको एखाद्या पोरीकडे बघत बसला असणार," लुचानोकाका म्हणाले.

"त्याच्या एका बाजूला तूच होतास. तुझ्याकडे बघून कोण भान हरपणार?"

"आणि दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, फितीवर तोच सांगतो की!"

नेवेन हसला. ते वाक्य त्याला पाठ होते. *खलाशी सभागृह, नऊ नोव्हेंबर, सहावी रांग, अकरा नंबर. डावीकडे लुचानो. उजवीकडची खुर्ची रिकामी.*

सोमवारी सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी त्याने वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावली. सळसळ मोजायची त्याला सवयच लागली होती. त्रेचाळीस सेकंद.

मंगळवारी एकोणचाळीस भरले.

त्याने यंत्राचा वेग तपासला. वेग बरोबर होता. शेवटच्या चार सेकंदांत, कळ वाजण्यापूर्वीच, गिटारची एक तार दूरवर लांबत होती. बंद खोलीतल्या माणसाचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू यावा, तशी. आपले कान आशेने फसत आहेत, असे त्याने स्वतःला बजावले आणि नोंदवहीत, पाण्याच्या पातळीच्या आकड्यांशेजारी, एकोणचाळीस हा आकडा लिहिला.

बुधवारी सव्वीस. आता ड्रम होते.

गुरुवारी अकरा. एक गळा गात होता.

शुक्रवारी सकाळी सळसळ उरलीच नाही. नेवेन खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. खाली बंदरात क्रेन फिरत होत्या, समुद्री पक्षी भांडत होते, आणि खोलीत ते कडवे पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत उलगडत गेले. *जहाज जातं, पाण्यात त्याची जागा राहते.* शेवटच्या शब्दावर एक बारीक शिट्टी उमटली. फितीचा दोष असावा. मग कळ वाजली.

त्या सकाळी त्याच्या मनात भीतीपेक्षा कृतज्ञताच अधिक होती.

मावशींनी कॅसेट ऐकली आणि त्याच दिवशी त्याला हाताला धरून वाल्तेरच्या घरी नेले. एकाहत्तर वर्षांचा वाल्तेर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर सात वर्षे तो गायला नव्हता. उद्या पाच वाजता त्याच खलाशी सभागृहात तो पुन्हा उभा राहणार होता. त्याने कडवे एकदा ऐकले. मग सुरी खाली ठेवून पुन्हा ऐकले.

"शब्द माझेच आहेत," तो म्हणाला. "पण तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. हा आवाज म्हाताऱ्याचा आहे."

"फीत जुनी आहे," मावशी म्हणाल्या.

"फीत जुनी होते, गळा नाही." तो नेवेनकडे पाहून हसला. "असो. तेव्हा सिगरेटी फार ओढायचो. कळवा झाग्रेबला. आणि कागद द्या कुणीतरी, उद्यासाठी लिहून घेतो."

शनिवारी मावशींनी सहाव्या रांगेची अकरा ते चौदा अशी चार तिकिटे आणली होती.

"अकरा कुणासाठी?" नेवेनने विचारले.

"तुझ्या बापाची जागा आहे ती. रिकामी राहील. कुणी बसायला आला तर माझी पर्स तिथं ठेवीन, आणि पर्स जड आहे."

सभागृहातल्या खुर्च्या जुन्याच होत्या. माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर मिटे. नेवेनने वडिलांचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, मायक्रोफोनची कळ चालू केली आणि आयुष्यात प्रथमच ते शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारले.

"खलाशी सभागृह, नऊ नोव्हेंबर, सहावी रांग, बारा नंबर. उजवीकडे लुचानोकाका, त्यांच्यापलीकडे यद्रांकामावशी." तो अडखळला. "डावीकडची खुर्ची रिकामी."

वाल्तेर रंगमंचावर आला तेव्हा त्याच्या चालीत संकोच होता. पहिल्या गाण्यात आवाज चिरकला. दुसऱ्यात लोकांनी तो उचलून धरला. पाचव्यापर्यंत तो थकलेला, खरखरीत, पण स्वतःचा आवाज होऊन उभा राहिला, आणि मावशी रुमालात तोंड लपवून रडू लागल्या.

मग 'कोरडी गोदी'. दोन कडवी झाली. वाल्तेरने खिशातला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवून दिला.

त्याने तिसरे कडवे सुरू केले.

नेवेनने तो आवाज ओळखला. ती खरखर, तो श्वास. काल सकाळी खिडकीपाशी ऐकलेला.

शेवटच्या शब्दावर लुचानोकाकांचे खांदे कानापर्यंत चढले, आणि त्यांच्या यंत्रातून बारीक शिट्टी निघाली.

नेवेनने हळूच डावीकडे पाहिले.

अकरा नंबरच्या खुर्चीची फळी खाली होती.

तिच्यावर कुणी नव्हते. मावशींची पर्स त्यांच्या मांडीवर होती.

सभागृहभर टाळ्या उसळल्या. त्या सरेपर्यंत फळी खालीच राहिली. मग सावकाश, माणूस उठावा तशी, ती वर मिटली.

रविवारी सकाळी कॅफेला जाण्यापूर्वी नेवेनने नवी कॅसेट ऐकली. कार्यक्रमभर त्याने कळीला बोट लावले नव्हते. 'कोरडी गोदी'ची दोन कडवी स्वच्छ उतरली होती. पुढे सळसळ होती. त्याने मोजली. त्रेचाळीस सेकंद. मग टक्, आणि टाळ्या.

त्याला दुःख होईल असे वाटले होते, झाले नाही. जे हरवले होते ते कुठे गेले, हे त्याला ठाऊक होते.

मग त्याने वडिलांची कॅसेट आरंभापासून लावली. पाठ असलेले वाक्य ओठांनी आधीच जुळवत तो ऐकू लागला.

"खलाशी सभागृह, नऊ नोव्हेंबर, सहावी रांग, अकरा नंबर. डावीकडे लुचानो. उजवीकडे..."

आवाज थांबला. कपडा मायक्रोफोनवर घासल्यासारखे झाले. कुणीतरी मान वळवून पाहत असावे.

"उजवीकडे एक मुलगा आहे. ओळखीचा नाही. पण आपल्यातलाच वाटतो."