टॅमरॅक रस्त्यावरचं घर

पत्र वाचता वाचता वर्ला स्ट्राउड ताडकन उठून उभी राहिली. ती चिडली आहे, हे शेजारच्या गाडीतल्या डेल्मर फिचला लगेच कळलं. त्या बाईने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. ती चिडली की तिचे कान आधी लाल व्हायचे, आणि आत्ता ते टोमॅटोसारखे झाले होते.

"ऐक!" ती म्हणाली. "'आपण अर्जात खोटी माहिती दिल्यामुळे आपला दावा फेटाळण्यात येत आहे.' खोटी! मी!"

तिच्या मागे वाळूत काळी राख पसरलेली होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती तिची घरगाडी होती. नवरा गेल्यावर वर्लाने गावातलं घर विकून टाकलं, ही लांबलचक गाडी घेतली आणि बारा महिने तिच्यातच राहायला सुरुवात केली. उन्हाळ्यात उत्तरेकडे, हिवाळ्यात ॲरिझोनाच्या या वाळवंटी छावणीत. मग एका दुपारी फ्रिजमागच्या गॅसच्या नळीने पेट घेतला. वर्ला कपडे धुवायला गेली होती म्हणून वाचली. आगीच्या बंबवाल्यांनी लेखी दाखला दिला होता. अपघात, कुणाचा दोष नाही. राखेत आता गाडीचा सांगाडा आणि छतावरची चार सौर पॅनल्स तेवढी ओळखू येत होती. पॅनल्स डेल्मरने स्वतः बसवली होती, गेल्या जानेवारीत. त्या शिडीवरून पडून त्याचा गुडघा महिनाभर सुजला होता, म्हणून तो महिना त्याच्या चांगला लक्षात होता.

"चल," तो म्हणाला. "आयोनीकडे."

आयोनी हॅस्केट छावणीतच, एके काळी दुकानांना पाव पोचवणाऱ्या जुन्या गाडीत राहायची. बावीस वर्षं विमा कंपन्यांसाठी दावे तपासून तिला त्या धंद्याची शिसारी आली, तेव्हा तिने नोकरी सोडून गुप्तहेराचा परवाना काढला. तिने पत्र दोनदा वाचलं, सोबत जोडलेली अर्जाची प्रत चारदा.

अर्जावर दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरची तारीख होती. 'वापर: सुट्टीपुरता, वर्षातून दीडशे दिवसांहून कमी. कायमचं राहतं घर: ३९१६, टॅमरॅक रस्ता, साउथ डकोटा. जोडलेलं सामान: जनरेटर, कापडी छत, चार सौर पॅनल्स.' खाली सही.

"सही तुझी?"

"माझीच आहे," वर्ला म्हणाली. "पण मी त्या रॉय बेकस्ट्रँडला शंभरदा सांगितलं होतं, की बाबा, मी हिच्यातच राहते, मला दुसरं घर नाही. तो म्हणाला, 'काळजी सोडा मावशी, बारमाहीचाच विमा काढतो.' माझी प्रत गाडीबरोबर जळली. आता कोण खरं मानणार माझं?"

"त्यानंतर कधी आला होता तो?"

"गेल्या शरदात. कंपनीचे कागद बदललेत म्हणाला. गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोन-तीन सह्या घेतल्या, बाकीचं मी भरतो म्हणाला."

"आणि हे टॅमरॅक रस्त्यावरचं घर?"

डेल्मरला हसू आलं. "घर कसलं! टपालाचं दुकान आहे ते. आमच्यासारख्यांना सरकारी कागदाला कुठला तरी पत्ता लागतो ना! तिथे पत्रं जमा होतात, ते पुढे पाठवतात. माझीही तिथेच येतात, निम्म्या छावणीची तिथेच येतात."

"तुझा विमा कुणाकडे आहे, डेल्मर?"

"रॉयकडेच. सगळ्यांचा त्याच्याकडेच. भला माणूस आहे, दर जानेवारीत सगळ्यांना फुकट न्याहारी घालतो."

"तुझी पॉलिसी आणून दे मला."

"माझी कशाला? माझी गाडी कुठे जळलीय?"

"आण रे."

डेल्मरने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. आयोनीने आतला कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"हा कधी वाचलास?"

"पहिलं पान वाचलं की! नाव बरोबर आहे माझं."

आयोनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की डेल्मरला शाळेत गणिताच्या बाईंसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आयोनी आणि डेल्मर विमा कंपनीच्या सॉरेलला भेटले. सॉरेल काटकुळा, दमलेला माणूस होता. तो कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे.

"आमच्या संगणकात पहिल्या दिवसापासून 'सुट्टीपुरता वापर' अशीच नोंद आहे," तो म्हणाला. "नोंद एजंट करतो. सहीचा कागद त्याच्याकडेच असतो, दावा आला की आम्ही मागवतो. हा आगीनंतर आठवड्याने आमच्या हातात आला."

"आणि तिने बारमाही मुक्काम लिहिला असता तर?"

"तर विमा दिलाच नसता. तीन वर्षं झाली, बारमाही राहणाऱ्यांना आम्ही घेत नाही."

"म्हणजे म्हातारी खोटं बोलली असं तुमचं म्हणणं!" डेल्मर उसळला.

"माझं काही म्हणणं नाही. कागद काय म्हणतो ते मी सांगतो."

बाहेर आल्यावर डेल्मर धुसफुसत म्हणाला, "यानेच कागद बदलला असणार. पैसे द्यायला नको म्हणून!"

"आणि दोन वर्षांपूर्वीची नोंदही यानेच बदलली? आग लागणार हे याला स्वप्नात दिसलं होतं?"

तिथून ती दोघं रॉयकडे गेली.

रॉय बेकस्ट्रँडच्या कचेरीत कॉफी ताजी होती आणि भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो होते. रॉयने डेल्मरला मिठीच मारली.

"फार वाईट झालं हो! पण मी तरी काय करू? मिसेस स्ट्राउड म्हणाल्या सुट्टीपुरती वापरते, मी लिहिलं. वय झालं की माणसं विसरतात."

"अर्ज कधी भरला?"

"तारीख आहे की त्याच्यावर. माझ्यासमोर, त्याच दिवशी, एका बैठकीत. नंतर त्याला पेनाचं टोकही लागलेलं नाही. शपथेवर सांगतो."

"आणि टॅमरॅक रस्त्यावरचं घर?"

"त्या म्हणाल्या घर आहे. मी काय त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो?"

आयोनीने त्याचे आभार मानले.  रॉय इतका सरळ बोलत होता की क्षणभर डेल्मरला वर्लाचीच शंका आली, आणि त्या शंकेची त्याला लाज वाटली.

शनिवारी सकाळी छावणीच्या सभागृहात आयोनीने सगळ्यांना बोलावलं. सॉरेल फाइल घेऊन आला, रॉय आपल्या नावाची टोपी घालून. वर्ला पहिल्या खुर्चीत ताठ बसली होती.

"खोटं बोलू शकतील अशी तीन माणसं इथे आहेत," आयोनी म्हणाली. "वर्ला, कंपनी, किंवा रॉय. कंपनी नव्हे, कारण चुकीची नोंद आगीच्या दोन वर्षं आधीची आहे आणि ती एजंटने केलीय. आता वर्ला. सॉरेलसाहेब, अर्जातलं सामान वाचा."

"जनरेटर, कापडी छत, चार सौर पॅनल्स."

"डेल्मर, पॅनल्स कधी बसवलीस?"

"गेल्या जानेवारीत. गुडघा..." डेल्मर मध्येच थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे देवा! दोन वर्षांपूर्वी ती नव्हतीच!"

"नव्हती. आणि रॉय शपथेवर सांगतात, की अर्ज त्याच दिवशी भरला आणि पुन्हा त्याला पेन लागलं नाही. मग त्यात नंतर बसवलेली पॅनल्स आली कुठून? हा अर्ज नवा आहे. सही खरी आहे, कारण गेल्या शरदात कोऱ्या कागदांवर ती घेतली होती. आग लागली, कंपनीने अर्ज मागितला; खरा अर्ज दाखवला असता तर त्यात 'बारमाही' लिहिलेलं सापडलं असतं. म्हणून कोऱ्या सहीवर दुसरा भरला. गाडी जशी डोळ्यांसमोर होती तशी लिहिली."

रॉय हसला. "मी नंतर यादीत भर घातली असेन. विसरलो. पण घराचं त्यांनीच सांगितलं."

आयोनीने खिशातून घडी काढली आणि टेबलावर उलगडली.

"ही डेल्मरची पॉलिसी. एजंट तुम्हीच. वापर, सुट्टीपुरता. राहतं घर, ३९१६, टॅमरॅक रस्ता. डेल्मर, तू आणि वर्ला एका घरात राहता का?"

"काय बोलतेस!" डेल्मर लाल झाला. मग त्याला कळलं, आणि तो पांढरा पडला. "म्हणजे माझाही विमा..."

"शून्य. काल संध्याकाळी मी आणखी नऊ जणांचे कागद पाहिले. एकमेकांशी नातं नसलेली अकरा माणसं, एकच घर. आणि एकाच एजंटला त्यात काही वावगं दिसलं नाही! कंपनीने बारमाहीवाल्यांना दार बंद केलं, आणि यांची सगळी गिऱ्हाइकं बारमाहीच. मग यांनी आमच्याकडून खरं ऐकलं, कंपनीला खोटं लिहिलं. हप्ते चालू, दलाली चालू. कुणाचं जळेपर्यंत कुणाला कळणार होतं?"

रॉयने टोपी काढली. "त्यांना दुसरीकडे दुप्पट हप्ता पडला असता," तो पुटपुटला. "मी त्यांचं भलंच..."

"भलं?" वर्ला उठली. "गाडी जळाली ते मी सोसलं. पण तू मला खोटारडी ठरवलंस! वय झालं, विसरते, असं सांगत सुटलास! एकतीस वर्षं लोकांनी आपली पोरं माझ्या हवाली केली, रॉय. तुझ्या हवाली मी माझं घर केलं होतं."

 रॉय दाराकडे निघाला, तसा आयोनीने आधीच तक्रार करून मिळवलेलं राज्याच्या विमा खात्याच्या चौकशीचं बोलावणं त्याच्या हातात दिलं.

सॉरेलने पहिल्यांदाच मान वर केली. "एजंट आमचा आहे. त्याचं पाप आमच्या पदरात पडतं. वरच्यांना मी तसं कळवतो."

त्याच दुपारी डेल्मर दारोदार फिरला. स्वतःचा कागद पुढे धरून तो प्रत्येकाला दुसरं पान वाचायला लावत होता, आणि ज्यांनी वाचलं ते रॉयला शिव्या घालत त्याच्यामागे चालू लागत होते.

सातव्या आठवड्यात वर्लाला कंपनीचं पत्र आलं. दावा मंजूर, पूर्ण रक्कम. खाली एक ओळ होती: 'अर्जातील त्रुटीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.'

"त्रुटी?" वर्ला म्हणाली. तिचे कान लाल झाले. तिने चेक बाजूला काढून ठेवला आणि पत्र त्याच पाकिटातून परत धाडलं. "मला खोटारडी म्हणताना यांना शब्द बरोबर सापडला होता. आताही सापडेल."

दुसरं पत्र यायला बारा दिवस लागले. त्यात लिहिलं होतं, 'मिसेस स्ट्राउड यांनी खरी माहिती दिली होती. खोटं आमच्या एजंटने लिहिलं.'

तेव्हा कुठे ती चेक घेऊन बँकेत गेली.