कापसातला निळा स्फटिक

कपाट बंद, कुलूप शाबूत, आणि आत नुसता कापूस. दगड जमवणाऱ्या म्हाताऱ्याने पोलिसांना फोन केला तो रडतरडतच. दगडासाठी माणूस इतका रडू शकतो, हे शेजाऱ्यांना नव्यानेच कळलं.

फौजदारबाई आल्या तेव्हा मोलकरीण जिन्यात हुंदके देत बसली होती. चोरीचा आळ एकदा चिकटला की तिला दुसऱ्या घरी काम कोण देणार?

"दगड कसला होता?" बाईंनी विचारलं.

"निळा स्फटिक! मिठाच्या खाणीत क्वचित सापडतो. मी स्वतः आत उतरून काढला. आयुष्यातला सोन्यासारखा दिवस! उद्या संग्रहालयवाले न्यायला येणार होते."

"शेवटचा कधी पाहिलात?"

"परवा रात्री."

"किल्ली?"

"गळ्यात. सकाळी अंघोळीपुरती काढतो."

"मोलकरीण कधी येते?"

"दुपारी. पण तिचंच काम आहे हे, लिहून घ्या!"

म्हाताऱ्याची बायको खिडकीशी गप्प उभी होती. बाई गॅलरीत गेल्या. कुंड्यांतली माती ओलसर, तरी रोपांनी माना टाकलेल्या. मातीवर पांढरट थर. बाईंनी बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"आजोबा, चोरी झालेलीच नाही," त्या आत येऊन म्हणाल्या. "तुमचा स्फटिक म्हणजे मीठच, विरघळला की निळा रंगही जातो. काल तुम्ही अंघोळीला गेलात, तेव्हा कुणीतरी किल्ली घेतली. खडा गरम पाण्यात विरघळवला आणि पाणी कुंड्यांत ओतलं. झाडं त्यानेच जळली. मोलकरीण तर दुपारी येते. त्या वेळी घरात तुमच्याशिवाय एकच माणूस होतं. आजी, का केलंत?"

आजींनी नजर चुकवली नाही.

"आमची पोर तापाने फणफणली होती. मी यांचे पाय धरले, तरी हे खाणीवर गेले. दगड कापसात गुंडाळून परत आले, तोवर पोर गेली होती. तो यांचा सोन्यासारखा दिवस! परवा फोनवर संग्रहालयवाल्यांनाही हसतहसत तेच सांगत होते. माझ्याच्याने ऐकवेना."

"आणि या मोलकरणीचं काय?"

"तिथे मी चुकले. तोंड उघडायला हवं होतं."

आजींनी जिन्यात जाऊन तिचे हात धरले. तिने ते सोडवून घेतले आणि निघून गेली.

म्हातारा कपाटापुढे मटकन बसला होता. निदान आता तरी मुलीचं नाव काढेल म्हणून बाई थांबल्या.

"सगळाच विरघळला का हो?" त्याने विचारलं. "एखादा तुकडा तरी उरला असेल?"