वीबकेच्या चेहऱ्यावरचे चरे

वीबके रेंडोर्फने तांब्याचा पत्रा गुप्तहेर ब्रामबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या वडिलांनी मला असं खोडलं आणि एल्ब नदीत जीव दिला. हे खोटं असेल तर सांगा. खरं असेल तर तेही सांगा, पण ताटकळत ठेवू नका."

ल्यूडर्सनी चष्मा चढवला. पत्र्यावर बारीक रेघांनी कोरलेला एका तरुणीचा चेहरा होता आणि त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत खोल फुली मारलेली होती. ल्यूडर्स म्हणजे निवृत्त औषधविक्रेते. बाईंच्या प्रत्येक चौकशीत ते सोबत असत आणि प्रत्येक वेळी चुकीचा माणूस पकडत.

तिचे वडील टिलमान रेंडोर्फ, हे नाव त्यांनाही ठाऊक होतं. एके काळी बर्लिनमध्ये त्यांच्या रंगीत चित्रांपुढे गर्दी लोटायची. युद्धात मुलगा गेला आणि त्यांनी रंग कायमचे सोडले. ते नदीकाठच्या गावी परतले आणि उरलेलं आयुष्य तांब्यावर कोरून काळ्या शाईत छापत राहिले.

"भांडण झालं होतं?" ब्रामबाईंनी विचारलं.

"मला ब्रेमेनच्या मुलाशी लग्न करायचंय. बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात, नुसते कोरत बसले. मी म्हणाले, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, रेघा दिसतात. भाऊ गेला तेव्हाही तुम्ही त्याचं चित्रच काढलंत. आणि निघून आले. मग तार आली." तिचा आवाज कोरडा होता. "काका म्हणत होते, अपघात आहे. दफनानंतर खणात हा पत्रा सापडला आणि काकाही गप्प झाले."

दुसऱ्या दिवशी तिघं गावी पोचले. कामाच्या खोलीत छपाईचं यंत्र, एक लांबलचक टेबल आणि खिडकीत पसरलेली नदी होती. घर सांभाळणारी गेशे टेबलावरची पांढरी चादर गोळा करत होती. मध्येच ती ओरडली आणि बोट तोंडात घातलं.

"मेली शवपेटी! कुसळं सांडून गेली बघा. सकाळी मालकांना आणलं तेव्हा मीच ही धुतलेली चादर घातली आणि त्यांना इथं निजवलं. दुसरं एवढं मोठं टेबल घरात आहे कुठं?"

"मग त्यांच्यापाशी कोण कोण बसलं?"

"मी होते. यास्पर दारातच उभे राहिले, भावाकडे बघवेना त्यांना. मालकांची चित्रं विकणारे फोल्कमारसाहेब आले, म्हणाले, मित्राजवळ जरा एकटं बसू द्या. मी कॉफी करायला गेले."

ल्यूडर्सना घराचा नकाशा काढायचा होता. कोपऱ्यात दोन फळ्यांमध्ये, वर धोंडा ठेवून, कागद रचलेले होते. त्यांनी एक ओढला, पेन्सिल टेकवली आणि कागद फाटला.

"या नदीकाठच्या हवेपायी कागदसुद्धा ओले!" ते करवादले.

"मालकांच्या कागदांना हात लावू नका," गेशे म्हणाली. "मलाही लावू देत नसत."

ब्रामबाईंनी फाटका कागद उचलला, बोटांनी चाचपला आणि परत ठेवून दिला.

यास्पर हा धाकटा भाऊ, होडीवाला. तो चिलीम न पेटवताच चावत होता. "त्या रात्री वादळ होतं. माझीच होडी सुटता सुटता राहिली. टिलमान सापडला तेव्हा त्याच्या मुठीत त्याच्या नावेचा दोर होता. पोलीस म्हणाले, जीव द्यायला उडी घेतली, बुडताना धीर सुटून दोर धरला असेल. मी भांडलो त्यांच्याशी. पण पत्रा बघितला आणि माझी जीभच खिळली."

हॅम्बुर्गचे चित्रांचे व्यापारी फोल्कमार उरलेली चित्रं न्यायला आले होते. काळा कोट, काळे हातमोजे, सगळं जिथल्या तिथं.

"आदल्या संध्याकाळी मी इथंच होतो," ते म्हणाले. "दिव्याखाली त्यांनी स्वतः मला हा खोडलेला पत्रा दाखवला. म्हणाले, संपलं, फोल्कमार. मी तेव्हा समजून घ्यायला हवं होतं. आता या चित्राच्या माझ्याकडच्या तीन नमुना-प्रती तेवढ्या जगात उरल्या."

"बिचारा," ल्यूडर्स बाहेर येऊन कुजबुजले. "मला तो होडीवाला ठीक वाटत नाही."

"मग तो नक्कीच सज्जन असणार," ब्रामबाई म्हणाल्या. "सगळ्यांना आत बोलवा."

सगळे टेबलाभोवती जमले. वीबके खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

"फोल्कमारसाहेब, पत्र्यावर फुली केव्हा मारतात?"

"हव्या तेवढ्या प्रती निघाल्या की. पुढे कुणी छापू नये म्हणून. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"मग हे कागद ओले का?" बाईंनी फळ्या उचलल्या. "ल्यूडर्स, ही नदीची हवा नाही. हवेनं वरचा कागद सादळला असता, हे आतून भिजलेत. कोरलेल्या पत्र्यावरून छापायचं तर कागद आदल्या रात्री भिजवून दाबून ठेवावे लागतात, तरच ते रेघेतली शाई उचलतात. गेशे हात लावत नाही. म्हणजे ते टिलमान रेंडोर्फांनी भिजवले; फळ्यांत दाबलेले, म्हणून अजून वाळले नाहीत. ज्याला उद्या सकाळी छापायचंय, तो रात्री जीव देत नाही. वादळात नाव सुटली, ती बांधायला ते गेले आणि घसरले."

"कागद दुसऱ्या चित्रासाठी असतील," फोल्कमार म्हणाले. "पत्रा तर त्यांनी खोडलाच होता."

"गेशे, ती चादर पसर. तुला टोचलं ते कुसळ काढ बघू."

गेशेनं चादरीतून चिमटीनं कुसळ काढलं. दिव्याखाली तिच्या तळव्यावर तांब्याचा बारीक कुरळा कीस चमकला.

"खोल चरा ओढला की तांबं असं वर येतं. ते या चादरीवर पडलंय. ही चादर टेबलावर घातली मालक गेल्यावर. आणि तुम्ही म्हणता, खोडलेला पत्रा तुम्ही आदल्या संध्याकाळी पाहिला. त्यांच्याजवळ एकटे बसलात तुम्ही. जगात तीनच प्रती उराव्यात आणि त्यांची किंमत वाढावी, म्हणून त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या मुलीचं तोंड खोडलंत."

फोल्कमारनी हातमोजे ताणून घट्ट केले. "ते तर गेलेलेच होते," ते पुटपुटले. "त्यांचं काय नुकसान झालं?"

यास्पर पुढं सरसावला. बाईंनी त्याला हातानं थोपवलं. "जाऊ द्या. हॅम्बुर्गला ते पोचायच्या आत ही बातमी पोचेल, एवढं मी बघते."

फोल्कमारच्या मागे दार आपटलं. वीबकेनं पत्रा उचलून यंत्रावर ठेवला आणि शाईचा डबा उघडला.

"पोरी, फुली येईल ना त्यात," गेशे म्हणाली.

"येऊ दे. बाबांचं काम अर्धं राहिलंय. काका, चाक फिरवा."

तिनं रेघांत शाई भरून पत्रा पुसला, वर ओला कागद ठेवला आणि यास्परनं चाक फिरवलं. तिनं कागदाचं टोक धरून तो हळूच सोलला. फुलीच्या मागे एक मुलगी तावातावानं भांडत होती, केस सुटलेले, डोळ्यांत पाणी. कोरणाऱ्यानं यातलं काहीही नजरेतून निसटू दिलं नव्हतं.

वीबकेनं कागद उजेडात धरला.

"माझं नाक एवढं मोठं आहे?"

"आमच्या आईचं आहे ते," यास्पर म्हणाला. "टिलमानला फार आवडायचं."

ती हसली, आणि हसता हसताच काकाच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली.