दोन धारांच्या मधला समुद्र

ज्योतीने आमोदला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या गोठ्यामागच्या लाकडांच्या ढिगावर चढून बसला होता आणि खाली तिची म्हैस, रंगी, फुसफुसत उभी होती. पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात नुकताच आलेला हा डॉक्टर उमरठच्या वरच्या वाडीत लस टोचायला आला होता. लस पेटीतच राहिली होती.

"ही मारते का हो?" त्याने वरूनच विचारलं.

"नाय. अनोळखी मानूस दिसला की नीट बघून घेते," ज्योती म्हणाली, आणि ओढणी तोंडावर धरून हसली.

रंगीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. त्यामुळे म्हणा किंवा अंगच्या माजामुळे म्हणा, ज्योतीखेरीज कुणाला ती आचळाला हात लावू देत नसे. सकाळची धार सहाला, संध्याकाळची साडेपाचला. ज्योतीचं सगळं जग या दोन धारांच्या मध्ये बसवलेलं होतं.

मग आमोदच्या फेऱ्या वाढल्या. वाडीतल्या गुरांना एवढी दुखणी कधी झाली नव्हती, असं ज्योतीची आई विठाबाई म्हणायची, आणि त्याच्यासाठी चहा ठेवायची.

आमोद श्रीवर्धनचा. ज्योतीने समुद्र पाहिलेला नाही हे कळलं तेव्हा तो कप खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिला.

"इथून तीन तासांवर आहे."

"तीन जायाला, तीन यायला. मधी पानी बघायचं का घड्याळ?"

झालं! त्या दिवसापासून डॉक्टर तिच्यासाठी किनारे निवडत बसला. हरिहरेश्वरला देवदर्शन होईल, पण खडकांवर लाटा अशा आपटतात की नवखं माणूस घाबरेल. केळशी सुंदर, पण मंडणगडच्या वळणांनी पोट ढवळेल. दिवेआगर... हां, दिवेआगर बरं. सपाट वाळू, सुरूची सावली, चार तास सहज मिळतील.

"नि श्रीवर्धन?" ज्योतीने मुद्दाम विचारलं.

"तिथे तू समुद्र बघशील, आणि माझ्या सगळ्या मावश्या तुला बघतील." 'तुम्ही'चं 'तू' झालं हे त्याच्या मागाहून लक्षात आलं. कान लाल झाले.

जानेवारीत त्याची बदली झाली, श्रीवर्धनलाच. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. गोठ्याच्या दारात उभं राहून त्याने सरळच सांगितलं, "ज्योती, मला तू हवी आहेस. पण आत्ता हो म्हणू नकोस. तिथे आयुष्य काढायचं तर आधी समुद्र बघून ये. खारा वारा, मासळीचा वास, सगळं. नाही आवडलं तर तसं सांग... मी रुसणार नाही."

"तुमी येनार ना?"

"मी आलो तर रंगीची धार कोण काढणार? शिवाय माझ्या तोंडाकडे बघून तू हो म्हणशील."

"लई समजता सोताला," ती म्हणाली. तो तिला आवडत होता, ते काही कुठे जाऊन ठरवायचं नव्हतं. हा डोंगर सोडून आपण जगू का, ते ठरवायचं होतं.

मग दहा दिवस, रंगीला ओळखीचा वास यावा म्हणून, तो ज्योतीची जुनी ओढणी डोक्यावर घेऊन तिच्याशेजारी धारेला बसला. रंगीने दोन बादल्या लवंडल्या. अकराव्या दिवशी कुठे त्याच्या हाताला पान्हा सोडला.

रविवारी बचत गटाच्या बायकांची जीप साडेदहाला दिवेआगरला पोचली. सुरूच्या बनातून ज्योती धावतच पुढे गेली... आणि थांबली. समोर नुसती ओली, चिखलट वाळू. एक होडी कुशीवर पडलेली. पार पलीकडे एक राखाडी रेघ.

"ह्याच्यासाठी कंबर मोडून घेतली?" तिची भावजय सारिका म्हणाली.

शहाळीवाला हसला. "आज अष्टमी हाय, बाय. भरती संध्याकाळची. पुनवेला यायचं होतं."

ज्योतीने फोन लावला. "डॉक्टर, तुमचा समुद्र हितं नाय. अष्टमी हाय म्हनतात."

श्रीवर्धनच्या पोराने तिथी बघायला विसरावं म्हणजे हद्द झाली. पण इतके दिवस त्याच्या डोक्यात फक्त म्हैस होती.

"थांब तिथे," तो कळवळून म्हणाला. "चारनंतर पाणी चढेल. असा नको बघूस त्याला."

"चारपत्तर कशी थांबू? बाया सगळ्या गुरंवाल्या. अडीचला जीप निघनार."

"मग... राहू दे." त्याचा आवाज इतका पडला की तिला त्याचीच दया आली.

तिने चपला काढल्या आणि त्या राखाडी रेघेकडे चालायला लागली. वाटेत एक म्हातारी वाकून शिंपल्या उकरत होती.

"कुठली गो तू?"

"पोलादपूरची. डोंगरातली."

"मग तोंड कशाला पाडलंस? पानी गेलं की आमचं काम सुरू होतं. परत यायच्या आत पाटी भरायची."

ज्योती तिच्याजवळ उकिडवी बसली. हात आपोआप कामाला लागले. इथल्या बाईचा दिवसही दोन भरत्यांच्या मध्ये बसवलेला होता, हे कळल्यावर तिला अगदी घरच्यासारखं वाटलं. अर्धी पाटी भरून ती उठली, रेघेपर्यंत गेली. पाणी पायावर आलं तेव्हा ती एकटीच हसत होती.

सव्वासहाला ती घरी पोचली. आमोद गोठ्यात उभा होता, डोक्यावर ओढणी, पँट दुधाने भिजलेली, बादली पाऊण भरलेली. काही विचारायचा त्याला धीर होईना.

"माझंच चुकलं," तो पुटपुटला. "पौर्णिमेला पुन्हा जा. भरतीला बघ, मग सांग."

"भरतीचा समुद्र कोनालापन आवडेल," ज्योती म्हणाली. "मी ओहोटीचा बघून आलेय."

"मग...?"

"मग काय. येते तुमच्यासंगं. फक्त रंगीला हितं ठेवून यायची नाय."

आमोदने मान डोलावली. डोळे भरून आले, ते पुसायला त्याने डोक्यावरची तिचीच ओढणी पुढे ओढली.